झोपायला सहा, बसायला चार

मेरिडेल, नेब्रास्का
शुक्रवार, १३ जून

लॉर्ना,

सगळ्यांत आधी आली ती वर्ला. मी सकाळपासून खिडकी सोडली नव्हती, ओव्हनमधले खिमा-कोबीचे पाव दोनदा गरम करून झाले होते, आणि दारात येऊन थांबली ती माझीच गाडी, आत वर्ला. केस नुकतेच कुरळे करून आणलेले, त्या औषधाचा वास पार पायरीपर्यंत. गाडीतून उतरायच्या आधीच ओरडायला लागली.

"आर्डिथ, अगं तुझी माणसं पुलापलीकडे बसलीत! धान्याच्या कोठ्यापाशी! मला मिठ्या मारल्या त्यांनी. ती धाकटी तर पायाला लटकली, सोडेचना!"

"तुला कशाला मिठ्या मारतील?"

"मला कुठे, तुझ्या गाडीला मारल्या. मी आत सापडले."

थांब, नीट सांगते. मला गोष्ट सरळ सांगता येत नाही हे तुझे बाबा नेहमी म्हणायचे, आणि मी आठवी शिकलेली बाई, लिहिताना तर आणखीच भरकटते. पण हे एक आधी सांगून टाकते, म्हणजे मग भरकटायला मोकळी.

तुझी टेसा, तिचा नवरा कोल्बी आणि दोन्ही पोरं घरगाडी भाड्यानं घेऊन ऑरेगॉनला तुझ्याकडे यायला निघालीत, हे तुला ठाऊक आहे. वाटेत माझ्याकडे थांबणार, हेही तिनं सांगितलं असेल. जे सांगितलं नव्हतं ते असं, की इथून पुढे त्या गाडीत मीही असणार होते. हिवाळ्यापासून आमचं दोघींचं ठरलं होतं. तुला न विचारता तुझ्या दारात येऊन उभी राहणार होते. विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस, म्हणून विचारलंच नाही. आता हातात पत्र पडलंय, म्हणजे मी आलेली नाही हे तुला कळलंच. टेसा पोचेल तेव्हा तिला यातलं काही कळू देऊ नकोस. बिचारी आधीच रडून रडून सुजली आहे.

गाडी मी वर्लाला सकाळीच देऊन टाकली होती. म्हटलं, आता महिनाभर मला कशाला लागतेय? तर ती बया किल्ली हातात पडताच काउंटीच्या गावी केस करायला पळाली. आणि इकडे ही मंडळी दुपारी पुलापाशी आली.

आपला रेल्वेपूल तू विसरली नसशील. तुझ्या बाबांनी एकदा गवताच्या गाठी भरलेला ट्रक खालून घातला आणि वरच्या चार गाठी रेल्वेला दान केल्या. घरगाडी तर त्याहून उंच, आणि टपावर थंड हवेचं मशीन. कोल्बीला कागदावरची उंची तोंडपाठ होती, पण ती त्या मशीनशिवायची! पुलाची ती ओरखडलेली पिवळी पाटी बघून त्यानं ब्रेक मारला म्हणून बरं, नाहीतर टप सोलून निघाला असता. मग त्यानं मोबाइलमध्ये दुसरा रस्ता शोधला, कबरस्तानाकडून येणारा. तो मार्चच्या पुरात वाहून गेलाय. नकाशात अजून आहे. नकाशाला कोणी कळवलं नसणार.

तेवढ्यात मोबाइलही मेला. त्या खोलगटात कुणाचाच चालत नाही, आपल्याला सवय आहे, त्यांना काय माहीत. आणि कोठ्यावरचा रँडल मदतीला धावला. त्याची मदत म्हणजे तुला ठाऊकच आहे. म्हणाला, "आर्डिथ ना? सकाळीच बाहेर जाताना बघितली तिची गाडी. येताना इथूनच जाईल, जाते कुठे." झालं. ती सगळी रस्त्याकडे डोळे लावून माझ्या गाडीची वाट बघत बसली आणि मी घरात बसून त्यांची. मध्ये एक पूल. मला दमा नसता तर चालत गेले असते एवढं अंतर, पण मला काय स्वप्न पडलं होतं? मला वाटलं, वाऱ्यामुळे उशीर होतोय.

तोही होतच होता म्हणा. टेसानं वेळ काढला होता तो नकाशातल्या छोट्या गाडीच्या हिशेबानं. एवढं मोठं खोकं आपल्या वाऱ्यात चालवायचं म्हणजे! कोल्बीचे दंड थरथरत होते गं. खुर्चीत बसल्यावर चहाचा कप त्याला एका हातानं धरवेना.

तर मी भरलेले पाव, लिंबाचा केक आणि सूटकेस गाडीत टाकली आणि वर्लाबरोबर निघाले. पलीकडे पोचले तर ती धाकटी, पिपा, माझ्याकडे नुसती बघत उभी. एकदा फसलेली होती ना.

"तू वर्ला नाहीस ना?"

"नाही गं. मी आर्डिथ. तुझ्या आजीची आई."

"नक्की?"

"वर्लाला विचार."

वर्ला म्हणाली, "नक्की. तिचे केस बघ, कोंबडीनं उकरल्यासारखे. माझे बघ." मग कुठे पोरगी मांडीवर आली. काय वजन, काय ऊब! लॉर्ना, तुझी हनुवटी आहे तिला. बोलताना पुढे काढते, अगदी तशीच.

तिनं मला लगेच गाडीचं दार दाखवलं. दारावर देशाचा नकाशा, आणि ज्या राज्यात एक रात्र झोपलं त्या राज्याचा रंगीत तुकडा तिथे चिकटवायचा. घरगाडीवाल्यांची रीतच असते म्हणे. नुसतं जाऊन चालत नाही, झोपायलाच पाहिजे. यासाठी ही मंडळी उलटी खाली जाऊन मिझुरी आणि कॅन्सस करून आली होती. मी बघितलं तर नेब्रास्काचा तुकडा आधीच चिकटलेला.

"हे कधी?"

"काल! एका मोठ्या दुकानाच्या पार्किंगमध्ये झोपलो. रात्रभर ट्रक घुर्र घुर्र करत होते. आज साउथ डकोटा."

"मग इथे नाही झोपायचं?"

पोरीनं माझ्याकडे असं बघितलं, की म्हातारीला साधी गोष्ट कळत नाही. "नेब्रास्का झालंय ना."

मी हसले. वर्ला हसली नाही. टेसा तेवढ्यात पाठ करून ताटल्या शोधायला लागली.

आता वर्ला किल्ली द्यायला आलीय, दार वाजवतेय.

आई


रविवार, १५ जून

लॉर्ना,

चर्चमध्ये जाऊन आले. गेल्या रविवारी या सगळ्यांनी मला निरोपाचा केक दिला होता, वर एक कार्ड, त्यावर सगळ्यांच्या सह्या. आज मी आपली तिसऱ्या बाकावर हजर. पास्टरबाईंनी नुसता दंड दाबला माझा. रँडल मात्र भर वाटेत, "काय आर्डिथ, इतक्यात समुद्र बघून आलीस?" वर्ला म्हणाली, "त्याला वाटतं तो विनोदी आहे. आणि केक परत मागणार नाहीत, काळजी करू नकोस, अर्धा मीच खाल्ला."

परवाचं सांगायचं राहिलंय. दोन दिवस त्याच्याभोवती फिरतेय.

जेवण कोठ्याच्या सावलीत झालं. थोरल्या हडसननं पाच पाव खाल्ले आणि सहावा खिशात घातला, खिमा झिरपून चड्डीला डाग. मला इतकं हसू येत होतं की केक कापता येईना. टेसा मात्र सारखी घड्याळ बघत होती. तिचा बेत माळेसारखा ओवलेला, प्रत्येक मुक्कामाची जागा आधीच ठरवून ठेवलेली. ब्लॅक हिल्समधल्या घरगाड्यांच्या तळाचं फाटक बंद व्हायच्या आत पोचायचं होतं. एक मणी सरकला की पुढचे सगळे सरकणार, आणि जूनमध्ये दुसरी जागा मिळत नाही म्हणे. तीन दिवस राहायला येतो म्हणणारी माणसं तिच्या माळेत एका दुपारची झाली होती, आणि त्या दुपारीतलीही निम्मी पुलानं खाल्ली.

मी म्हटलं, असू दे. मी बरोबरच तर आहे. बोलायला सगळा रस्ता पडलाय.

मग टेसानं मला आत नेलं. अगं काय सुरेख असतं ते! चूल आहे, बेसिन आहे, दार लावता येईल असा संडास. ड्रायव्हरच्या डोक्यावर माळा, तिथे पोरं झोपतात. मागे त्या दोघांचा पलंग. आणि जेवायचं टेबल खाली दाबलं की त्याचाही पलंग होतो. तो माझा. तिनं माझ्यासाठी नवीन चादर आणली होती, निळ्या फुलांची, आणि दम्यासाठी उंच उशी. तिथे बसून मी चादरीवरून हात फिरवला आणि म्हटलं, "राणीला एवढं नसेल. बरं, निघायचं तर मी बसू कुठे?"



कोल्बी बाहेरून चढत होता, तो पायरीवरच थांबला. त्यानं समोरच्या दोन खुर्च्यांकडे बघितलं, मग टेबलापाशी जिथे पोरांच्या सीटचे पट्टे होते तिथे बघितलं. मग टेसाकडे.

"टेसा, पट्टे चारच आहेत."

"जाहिरातीत सहा म्हटलं होतं."

"सहा झोपायला."

पोरगी उभ्या उभ्या पांढरी पडली. हिवाळाभर तिनं पलंग मोजले होते, लॉर्ना. चादर घेतली, उशी घेतली, माझी औषधं ठेवायला डबा घेतला. पट्टे कोणी मोजले नाहीत. मीही नाहीच. मला तर घरगाडी म्हणजे घरच वाटत होतं, घरात कोण पट्टे मोजतं?

मी म्हटलं, "एवढंच ना? मी सोफ्यावर बसते. सारी जवानी मी ट्रकच्या मागे गवतावर बसून काढलीय."

"आजी, नको," कोल्बी म्हणाला.

"आडवी पडते मग मागच्या पलंगावर. कोण बघतंय?"

"आजी, ऐका. परवा कॅन्ससात एक हरीण आडवं आलं. मी ब्रेक मारला, तर सोफ्यावरची बर्फाची पेटी उडून माझ्या पाठीमागे आदळली. खुर्चीला खोच पडलीय, या, दाखवतो." आणि त्यानं खरंच दाखवली. "त्या पेटीच्या जागी तुम्ही असता तर मी तुमच्या लेकीला काय सांगितलं असतं?"

तुझं नाव त्यानं काढलं आणि मी त्या खोचेवरून बोट फिरवलं. मला हा नातजावई आवडतो. सावकाश बोलतो, पण खोटं बोलत नाही.

हडसन म्हणाला, "पणजी, माझी जागा घे. मी माळ्यावर झोपून जातो." आणि टेसा म्हणाली, "मी मागे बसते, आजी, तू पुढे बस." आणि कोल्बी म्हणाला की तो जमिनीवर पडून राहतो, टेसा चालवेल. सगळे एकदम, एकमेकांवर चढून. वर्लानं तर खाली उभं राहून जाहीर केलं, "मी आणते हिला. हिच्याच गाडीतून, तुमच्या मागे मागे!"

आता वर्लाचं तुला सांगायला नको. डाव्या डोळ्यानं दिसत नाही म्हणून ती डावीकडे वळतच नाही. काउंटीच्या गावीसुद्धा तीनदा उजवीकडे वळून जाते. मी म्हटलं, "वर्ला, ऑरेगॉन डावीकडे आहे." सगळे हसले. तो सगळ्यांत वाईट क्षण, कारण हसणं थांबल्यावर प्रत्येकाला कळलं की आता दुसरं काही सुचवायला उरलेलं नाही.

बसनं जा म्हणशील. डॉक्टर म्हणतात, त्या गाड्या बदलत, रात्री फलाटावर बसून, माझ्या छातीला झेपायचं नाही. विमानाचं तर विचारूच नकोस. मला घेऊन जाणारं माणूस हवं, आणि माणसं तर समोर उभी होती, चार, पट्ट्यांसकट.

कुणाचं तरी पोर मोकळं बसवून मी तुझ्या दारात येणार होते का? तूच मला उभी केली नसतीस. सूटकेस मीच खाली उतरवली. कोल्बी धावला, पण मी दिली नाही. चादर टेसा मला देत होती, तीही घेतली नाही. म्हटलं, राहू दे गाडीत, पसर पोरांना. वारा फार होता परवा. धूळ नुसती डोळ्यांत.

टेसा माझ्या गळ्यात पडून म्हणत होती, "मी एवढं सगळं बघितलं गं आजी, पंप कुठे आहेत, पाणी कुठे भरायचं, कचरा कुठे. एवढं सगळं बघितलं." मी म्हटलं, "पोरी, तू झोपायचं बघितलंस. मलाही तेच दिसत होतं, की सकाळी डोळे उघडले की लॉर्नाकडे." त्यावर ती आणखीच रडली. मला बोलायचा पोच नाही.

सूर्य कोठ्याच्या मागे जायच्या आत ती गेली. पिपा मागच्या खिडकीतून हात हलवत होती. मी आणि वर्ला रस्त्यात उभ्या, ती घरगाडी वाऱ्यात डुलत गेली ते बघत. वर्ला म्हणाली, "चल, तुझ्याकडे पाव उरलेत." मी म्हटलं, "हडसनच्या खिशात आहेत."

आई


गुरुवार, १९ जून

लॉर्ना,

टेसाचा फोन आला होता, मोंटानामधून. आवाज बरा होता. तळाच्या फाटकाशी ती रात्री उशिरा पोचली, फाटक बंद, बाहेर रस्त्याच्या कडेला झोपली. राज्य तेच होतं म्हणून पिपाचा तुकडा चिकटला, तिला त्यातच आनंद. पण दुसऱ्या दिवशी कोल्बीनं गाडी चालवणार नाही म्हणून सांगितलं, आणि टेसानं बेताचा कागद फाडला. दोन राज्यं गाळलीत. आता एक दिवस चालायचं, एक दिवस थांबायचं, आणि चाललं तरी दुपारच्या चहापर्यंत मुक्कामाला. कोल्बीनं स्वतः टपावर चढून टेपनं उंची मोजली आणि आरशाखाली चिकटवली. एका गावी तर दोन रात्री राहिली, काही कारण नसताना. पोरांनी ओढ्यात दगड टाकले दिवसभर. टेसा म्हणाली, "आजी, हे आधी सुचलं असतं तर तुझ्याकडे राहिलो असतो."

मी म्हटलं, "बरं झालं सुचलं." फोन ठेवला आणि बटाटे सोलायला बसले. एकटीसाठी किती सोलले, शेजारी देऊन आले.

तुला वाटत असेल, आई हे सगळं मला कशाला कळवतेय, सहा वर्षं नाताळच्या कार्डावर नुसती सही करणारी. त्याला कारण आहे. टेसानं बोलता बोलता सांगितलं, की कोल्बीची रजा संपतेय. तो तुझ्याकडून पोर्टलंडला जाऊन विमानानं परत जाणार. घरगाडी टेसा एकटी परत आणणार, पोरांना घेऊन. ती चांगली चालवते, पण एकटी आहे. आणि पुढची दुसरी खुर्ची रिकामी. पट्ट्यासकट.

मला आधी राग आला. माझ्या वाट्याला जी जागा हवी होती ती मिळाली, पण उलट्या दिशेनं. ती इकडे येतेय, तिकडे जात नाहीये. वर्लाला सांगितलं तर ती म्हणाली, "आर्डिथ, अगं मग त्या जागेवर बसायचं माणूस तिकडेच राहतं ना."

मला सुचलंच नव्हतं. मी इतकी वर्षं हाच विचार केला की मी गेले तर. तू म्हणाली होतीस तसं, तुझ्या बाबांच्या दफनानंतरच्या जेवणाच्या दिवशी, चर्चच्या तळघरात, सगळ्यांसमोर, की तू या गावात परत पाऊल टाकणार नाहीस. मी त्यावर काय म्हणाले ते तुला आठवत असेल, इथे लिहीत नाही. वर्लाला शब्दन् शब्द पाठ आहे, पण तिनं कधी म्हणून दाखवला नाही, आणि मी तिला यासाठी पुष्कळ सोसते.

हिवाळ्यात मी विचारायला घाबरले. तुला न विचारता आले असते तर दार उघडल्यावर तुला नाही म्हणता आलं नसतं, दारात म्हातारी, मागे दोन पोरं. म्हणजे मी तुझं 'नाही' चोरायलाच निघाले होते. बरं झालं पट्टे कमी पडले, असं मी म्हणणार नाही. मला यायचं होतं. तुझं स्वयंपाकघर बघायचं होतं, समुद्राचा आवाज घरात येतो का ते ऐकायचं होतं. गेल्या शुक्रवारपासून सूटकेस पलंगावरच आहे, उघडायला हात जात नाही.

पण आता विचारते. टेसाला तुला विचारायला सांगितलेलं नाही, पोरांनाही नाही. मीच विचारतेय, कागदावर, माझ्या अक्षरात. येशील का तू त्या जागेवर बसून? वाटेत थांबत थांबत या, घाई नको. तीन दिवस राहायचं असेल तर तीन, नाही तर एकच दुपार. नाही म्हणायचं असेल तर नाही लिहून पाठव. मी वाचीन, आणि टेसाला काही कळणार नाही.

ती परत येताना थांबणार हे मात्र तिनं नक्की सांगितलंय, पिपाकडूनही फोनवर तीनदा वदवून घेतलं. शनिवारी येतील. पाच जुलैला.

तुझी आई